बास नावाचा मासा

उन्हाळा चढला की आमच्या नाशकात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक चौकट येऊ लागते. गंगापूर धरणात पाणी किती उरलं, गेल्या वर्षी याच सुमाराला किती होतं. लोक ती चौकट वाचून नळ कधी येणार याची चिंता करतात. पुढारी ती वाचून चिंतेचं कारण नाही असं सांगतात. मला मात्र ती दिसली की एक हिरवा रबरी बेडूक आठवतो. त्याच्या पाठीवर पिवळे ठिपके होते, डोळे निवडणुकीच्या पोस्टरवर असतात तितके आश्वासक होते, आणि तो आमच्या नानांना अमेरिकेला नेण्यासाठी आला होता.

नाना म्हणजे माझे वडील. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या हातून कुणाला फुकटचा अर्धा गुण मिळाल्याचं ऐकिवात नाही. माझी थोरली बहीण, ताई, काही काळ त्यांच्याच वर्गात होती. सहामाहीला तिने एक उदाहरण मधल्या पायऱ्या गाळून सोडवलं. उत्तर अचूक आलं. नानांनी शेजारी लाल शाईने लिहिलं, ‘उत्तर बरोबर, रीत चूक’, आणि अर्धा गुण कापला. त्या अर्ध्या गुणापायी तिचा पहिला नंबर गेला. ताईने जेवणाचं ताट सरकवून दिलं. आई नानांना म्हणाली, ‘पोटच्या पोरीला अर्धा गुण दिला असता तर शाळा बुडाली असती का?’ नाना शांतपणे भात कालवत म्हणाले, ‘शाळा नसती बुडाली. अर्धा गुण बुडाला असता.’ या वाक्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण त्यावर वाद घालण्याची छाती घरात कुणाचीच नव्हती.

पुढे ताई लग्न होऊन अमेरिकेला गेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आई गेली. तीन विमानं बदलून ताई घरी पोचली, तेव्हा बैठकीत फक्त शेजाऱ्यांकडून आणलेल्या सतरंज्या उरल्या होत्या. त्या सतरंज्यांकडे तिने जसं पाहिलं, ते मी विसरू शकत नाही. आई हातची गेली, आता वडील तरी डोळ्यांसमोर हवेत, हे तिने तिथेच ठरवलं असावं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन वाजायचा. फोनवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा. नाना तो बाजूला करून नीट घडी घालायचे आणि मगच रिसीव्हर उचलायचे.

‘नाना, या ना. इथेच राहा माझ्याजवळ.’

परदेशच्या फोनला तेव्हा आवाज पोचायला जरा वेळ लागायचा. नाना उत्तर द्यायला तोंड उघडायचे तोवर ताईचं पुढचं वाक्य येऊन धडकायचं. दोघांची वाक्यं समुद्रावर कुठेतरी एकमेकांवर आदळायची. असा हट्टाने आग्रह करण्याला मराठीत गळ घालणं म्हणतात. ‘गळ टाकायचा असतो,’ नाना एकदा रिसीव्हर ठेवून म्हणाले, ‘ही घालते. फार अवघड असतं ते सोडवणं.’

त्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. अर्धा गुण नाकारलेल्या मुलीला दुसऱ्यांदा काहीतरी नाकारायचं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. आणि जायचंही नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो, लग्न झालेलं नव्हतं, घरात आम्ही दोघंच. ते जाऊ नयेत असं मला फार वाटे. पण बहिणीच्या विरुद्ध बापाला ओढायचं कसं, म्हणून मी चहा करायचो.

पहिल्या वर्षश्राद्धाला हिवाळ्यात ताई आणि भावोजी आले. येताना भावोजींनी एक खोकं आणलं. वर पारदर्शक झाकण, आत कप्पे, कप्प्याकप्प्यांत रंगीबेरंगी नकली मासे, बेडूक, पत्र्याचे तुकडे, झिरमिळ्या. प्रत्येकाच्या पोटाला आणि शेपटीला लखलखीत गळ. भावोजींचा अभ्यास दांडगा होता. नाना लहानपणी गोदावरीत वेळूची काठी घेऊन मासे धरायला बसत, हे त्यांना आईकडून कधीतरी कळलं होतं. आमच्या घरात मासे खात नाहीत. नानांना ते खायचे नव्हतेच, धरायचे होते. धरून ते सोडून देत. हा फरक त्या काळी घरच्यांना पटला नाही आणि काठी चुलीत गेली.

‘आमच्या घराच्या मागे तळंच आहे, नाना,’ भावोजी म्हणाले. ‘बासनी भरलंय. काठावर तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवतो.’

खोकं म्हणजे मासे धरण्याचं साहित्य आहे असं मला वाटलं होतं. त्या खुर्चीचं ऐकल्यावर लक्षात आलं, आतली आमिषं माशांसाठी असली, तरी खोकं नानांसाठी टाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी आम्ही गंगावऱ्ह्याच्या बाजूला धरणाच्या काठावर गेलो. भावोजींनी असंख्य खिशांचं जाकीट घातलं होतं. एवढ्या खिशांत काय ठेवायचं असतं ते मला कळलं नाही. त्या दिवशी तरी त्यांत एक रुमाल आणि खोकल्याच्या गोळ्या होत्या. काठावर सोमा बसला होता. जवळच्याच पाड्यावरचा, पन्नाशीचा, स्वतःच्या मासेमारीबद्दल अफाट मत असलेला माणूस. दिवसभर बसून टोपलीत दोन बोटभर मासे असले तरी त्याच्या बोलण्यात ते हातभर व्हायचे.

‘हे काय धरायला हाय, सायेब?’ त्याने विचारलं.

‘हे बाससाठी,’ भावोजी म्हणाले.

‘बास?’ सोमाने आमच्याकडे पाहिलं. ‘आत्ताशिक तर आला तुमी. लगेच बास?’

भावोजींनी माशाचं नाव बास असतं हे समजावून सांगितलं. सोमाला ते मुळीच पटलं नाही. ‘धरायच्या आधीच बास म्हनायचं, मंग लागंल कसा तो? नाव बदला त्याचं.’ भावोजींनी मग रॉड मागे नेला, मनगटाला झटका दिला आणि चंदेरी मासा झूं करत गेला तो थेट काठावरच्या बाभळीत. गळाची तिन्ही नखं काट्यांत रुतली. पुढची कितीतरी वर्षं तो तिथे लटकत होता. एका वर्षी सुगरणीने त्याच्या शेजारीच घरटं विणलं.

ते दोघं परत गेल्यावरच्या पहिल्या रविवारी ताईने पुन्हा गळ घातली. खोकं टेबलावर होतं. नाना बराच वेळ त्याकडे बघत होते. मग सावकाश, फळ्यावर पक्ष आणि साध्य लिहावं तसं, म्हणाले, ‘हे बघ. या खोक्यातल्या एखाद्या आमिषाला मासा लागला, तर येतो. धरणाचं पाणी पुन्हा चढायच्या आत लागला पाहिजे. नाही लागला, तर हा विषय पुन्हा नाही. कबूल?’

समुद्रावरून उत्तर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ‘कबूल,’ ताई म्हणाली. ती हसत होती, पण तिने ते मनावर घेतलंय हे मला कळलं. नानांनी शब्द दिला होता, आणि नानांचा शब्द काय असतो हे अर्धा गुण गेल्यापासून तिला पक्कं ठाऊक होतं.

तो उन्हाळा माझ्या अंगात अजून आहे. उजाडता उजाडता आम्ही स्कूटरवरून निघायचो. मागे नाना, त्यांच्या हातात भाल्यासारखा उभा रॉड. गंगापूर रोडला तेव्हा घरं विरळ होती आणि बागा जास्त. द्राक्षं उतरून गेलेली, खरड छाटणी झालेली, तारांवर नुसते खोडके हात पसरून उभे असलेले वेल, आणि त्यांच्या बुंध्याशी कापलेल्या काड्यांचे ढीग. धरणाकाठी पाणी रोज थोडं मागे सरलेलं असायचं. भेगाळलेला गाळ, त्यावर बगळ्यांच्या पायांची नक्षी, कुणीतरी लावलेले काकडीचे वेल. पाण्याखाली गेलेल्या जुन्या शेतांचे बांध वर यायचे, एका विहिरीचा कठडा यायचा. सोमा त्या कठड्याकडे बोट दाखवून सांगायचा, ‘ही आमच्या आज्याची हीर. धरन झालं, वावर बुडालं. आज्या बोलला, लांब जायाचं नाय. तवापून हितंच हाय आमी.’ आणि मग लगेच, ‘तंबाखू हाय का?’

भावोजींनी खोक्यासोबत एक चोपडी दिली होती. नानांनी ती क्रमिक पुस्तकासारखी वाचली. पाणी गढूळ असलं तर भडक रंग आणि आवाज करणारं आमिष. पाणी नितळ असलं तर चंदेरी, साधं. ढगाळ दिवशी काळसर, कारण खालून बघणाऱ्या माशाला वरची सावलीच दिसते. गवत दाट असेल तिथे बेडूक, कारण तो तरंगत जातो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ओढत सुटायचं नाही; थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. मासा बहुतेकदा थांबलेल्या आमिषावरच झडप घालतो. मासा नेहमी भुकेपोटीच तोंड घालतो असं नाही, असंही चोपडीत होतं. कधी राग येतो म्हणून, कधी नुसतं कुतूहल म्हणून. नानांना हे कलम फार आवडलं होतं. ‘माझी अर्धी मुलं बीजगणित याच कारणांनी शिकली,’ ते म्हणाले.

सोमाने सगळ्या आमिषांचं बारसं केलं. आत छर्रे वाजणारा गुबगुबीत मासा म्हणजे खुळखुळा. गरगर फिरणाऱ्या पात्याचा तो भोवरा. रबरी गांडूळ पाहून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ‘शेनाखाली फुकट घावतं ते रबराचं केलंय! अमेरिकेत शेन नाय का वो गुरुजी?’ आणि पत्र्याचं एक लांबट, वाकडं, चकाकणारं पान होतं, ते चमचा. हे नाव ऐकून मला आमच्या कॉलेजची आठवण झाली. त्याच आठवड्यात प्राचार्यांचा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि पाच वक्त्यांनी पाच वेळा सांगितलेली त्यांची साधी राहणी. चमचा पाण्यात नेमका तसाच चालायचा. स्वतःचं वजन फारसं नाही, पण सतत डुलायचं, सतत चमकायचं, आणि मोठ्या माशाच्या तोंडापुढून हलायचं नाही.

नाना रोज पाणी आणि आभाळ पाहून आमिष निवडत. खोक्याला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. मी एकदा कौतुकाने झाकण उघडायला गेलो तर म्हणाले, ‘ठेव. गळ टोचतात.’ ते स्वतः पाठमोरे बसून आमिष बांधत, मनगटाने हलका झोका देत, आणि ते बरोबर गवताच्या कडेला जाऊन पडे. भावोजींसारखं त्यांचं आमिष झाडाझुडपात, शेवाळात, दगडाच्या फटीत कधी म्हणजे कधी अडकलं नाही. मला वाटे, गणिताचा माणूस आहे, कोन साधत असेल.

मासा काही लागत नव्हता. मी काठावर पेपर तपासत बसलेला असे आणि प्रत्येक झोक्याला माझा लाल पेन थांबे. देवावर माझा विश्वास नाही, त्यामुळे मी थेट माशांनाच मनातल्या मनात विनवत असे की बाबांनो, अक्कल वापरा, ते रबर आहे. रविवारी फोन वाजे. सोमाने ठेवलेली नावं एव्हाना तिकडेही पोचली होती. हॅलो नाही, कसे आहात नाही.

‘लागला का?’

‘नाही.’

‘कोणतं वापरलंत?’

‘पाणी गढूळ होतं. खुळखुळा.’

‘हे म्हणतात, भोवरा वापरून बघा.’

‘बघतो,’ नाना म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी खरंच भोवरा वापरायचे. फसवाफसवीचा त्यांच्याकडे मागमूस नव्हता.

गंमत अशी की त्या उन्हाळ्यात सोमाला मात्र मासे पटापट लागत होते. एरवी बोटभर माशांवर समाधान मानणारा माणूस, आता त्याच्या टोपलीत खरोखर हातभर मासे दिसू लागले. कणकेची गोळी लावायचा, टाकायचा, ओढायचा. त्याने याचं श्रेय देवीला दिलं होतं. तंबाखू सोडीन असा नवस तिला बोललो, म्हणून तिने हाताला यश दिलं, असं तो तंबाखू मळत सांगायचा.

ज्येष्ठ लागला. आभाळ खाली उतरलं, वारा पडला, पाणी शिशासारखं दिसू लागलं. नानांनी आभाळाकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं आणि बेडूक बांधला. विहिरीच्या कठड्यापलीकडे गवतात एक मोकळी फट होती, तिथे तो टप्पकन पडला. वर्तुळं विरली. नानांनी थोडं ओढलं. थांबले. पुन्हा थोडं. थांबले.

पाणी फुटलं. कुणीतरी मोठा धोंडा टाकावा तसा आवाज झाला, काळसर जाड पाठ वर आली आणि बेडूक नाहीसा झाला. मरळ होती, मांडीएवढी. रॉड अर्धगोल वाकला, रीळ किरकिरलं, काठावरचा खंड्या ओरडत उडाला.

‘ओढा गुरुजी! हिसका द्या! हिसका!’ सोमा चिखलात नाचू लागला.

मी उठून उभा राहिलो. मांडीवरचे पेपर गाळात पडले. मला दिसत होतं ते तळं, ती खुर्ची, आणि आमच्या घरातला एका कपाचा चहा.

नानांनी हिसका दिला नाही. ओढलंही नाही. ते नुसते उभे होते, दोन्ही हातांत रॉड धरून, डोळे विस्फारून, त्या ताणाकडे लक्ष देत. चुलीत गेलेली काठी परत हातात आली तर माणूस कसा दिसेल, तसे ते दिसत होते. मग मरळीने मान झटकली, रिळाचा दोरा, तो तंगूस, सैल पडला, आणि बेडूक हवेत उडून माझ्या पायाजवळ चिखलात येऊन पडला.

‘गेली!’ सोमा कपाळावर हात मारून खाली बसला. ‘हातची गेली! आसं कसं केलं गुरुजी? तिनं तर गिळलाच व्हता!’

मी बेडूक उचलला. पाठीवर दातांच्या रांगा उमटल्या होत्या. तो उताणा केला. पोटाखाली, जिथे दोन वाकडे गळ असायला हवे होते, तिथे दोन बुटके थुटके होते. पक्कडीने तोडलेले, आणि कुणाला खरचटू नये म्हणून वर कानशीने घासून गुळगुळीत केलेले.

मी नानांकडे पाहिलं. ते तंगूस गुंडाळण्यात गुंतले होते. मग माझी नजर सोमाच्या दगडावर गेली. तिथे त्याचा तंगूस वाळत पडला होता, आणि टोकाला चमकत होता तीन नखांचा परदेशी गळ.

‘हा गळ कुठून आणला, सोमाभाऊ?’

‘गुरुजींनीच दिलं की. डबीभर हायेत. बोलले, मला याचं काम नाय.’ मग त्याने आवाज उतरवला. ‘आन देवीचं बी हायेच थोडं.’

‘ऊन वाढलं,’ नाना म्हणाले. आभाळ पूर्ण काळं होतं. ‘निघूया.’

आम्ही स्कूटरवरून परत निघालो. मला एकच वाक्य आठवत राहिलं. ‘गळ टोचतात.’ वाक्य खरंच होतं. गळ टोचतातच. खोक्यात ते आहेत असं नानांनी कधी म्हटलं नव्हतं.

रविवारी फोन वाजला. नानांनी रुमालाची घडी घातली.

‘लागला का?’

आता काय सांगणार म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो होतो. नानांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ‘बेडूक धरला होता एका मरळीने,’ ते म्हणाले. ‘चांगली मोठी. पण लागली नाही. सोडून गेली.’

‘थोडक्यात हुकलं,’ ताई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. ‘नाना, कसं वाटलं पण? धरला तेव्हा?’

‘फार बरं वाटलं,’ नाना म्हणाले, आणि हेही शंभर टक्के खरं होतं.

पुढच्या पंधरवड्यात पाऊस लागला, विहिरीचा कठडा पाण्याखाली गेला, आणि ताईने दिलेला शब्द पाळला. विषय पुन्हा काढला नाही. उलट दर एक-दोन वर्षांनी तीच येऊ लागली. नाना पुढे बरीच वर्षं त्याच घरात, आपल्या जुन्या खुर्चीत बसून शेजारच्या मुलांचे अर्धे गुण कापत जगले. उन्हाळ्यात आम्ही धरणावर जायचो. खोकं न्यायचो. त्या ज्येष्ठातल्या सकाळीबद्दल मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमिष आता मी बांधून देत असे, एवढाच बदल झाला.

नाना गेले तेव्हा ताई वेळेत पोचली. या उन्हाळ्यात ती पुन्हा आली होती. केस पांढरे झालेत, चष्मा नाकावर घसरतो. सकाळी चहाबरोबर तिने वर्तमानपत्र उघडलं, धरणाची ती चौकट वाचली आणि म्हणाली, ‘ते खोकं आहे का रे अजून?’

मी काढून दिलं. झाकण पिवळं पडलं होतं. तिने चमचा काढला, पालथा केला, ठेवला. खुळखुळा काढला, कानाशी वाजवला, पालथा केला. भोवरा. मग बेडूक. तो तिने चष्म्याजवळ नेला आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. मी खिडकीबाहेर बघत होतो. तिला सगळं उमगायला फार वेळ लागला नाही. गणिताच्या मास्तरांची मुलगी होती.

‘लागली नाही म्हणाले होते,’ ती हळूच म्हणाली. ‘धरला होता, पण लागली नाही. शब्द न् शब्द खरा.’

तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला हसूही येऊ लागलं. दोन्ही तिला आवरेना.

‘उत्तर बरोबर,’ ताई म्हणाली. ‘रीत चूक.’

परत जाताना बेडूक तिने पर्समध्ये ठेवला. विमानतळावर तपासणाऱ्या बाईंनी तो काढून उलटसुलट करून पाहिला, म्हणे, आणि टोचेल असं काही त्याला नाही, म्हणून हसून परत दिला.